गाडी उचलायची, पण कुठून?

लिफ्ट किटची चौकशी करण्याआधी एकदा गाडीखाली जा. गॅरेजात खड्डा किंवा रॅम्प असेल तर उत्तम, नसेल तर सतरंजी टाकून आडवे व्हा, टॉर्च मारा आणि खरचटल्याच्या खुणा शोधा. त्या साधारण तीन जागी सापडतात. पहिली जागा म्हणजे मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर आणि बंपरची मागची कड. इथे टायर घासलेला असतो. दुसरी जागा गाडीचं पोट, म्हणजे चासीचे आडवे बार, ट्रान्सफर केसखालची संरक्षक प्लेट, दाराखालची पट्टी. इथे दगड किंवा उंचवटा लागलेला असतो. तिसरी जागा धुऱ्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा आणि शॉक अब्सॉर्बर धुऱ्याला जिथे जोडलेले असतात ते खालचे कान.

तिन्ही जागांचं औषध वेगळं आहे. टायर घासत असेल तर बॉडी लिफ्टने, म्हणजे चासीवरची फक्त बॉडी उचलून, भागू शकतं. पोट लागत असेल तर सस्पेन्शन लिफ्टला, म्हणजे चासीसकट गाडी उचलण्याला, पर्याय नाही. आणि सलग धुऱ्याचा गोळा लागत असेल तर दोन्हींपैकी काहीही केलं तरी तो केसभरही वर सरकणार नाही, कारण धुरा चाकांवर टेकलेला आहे आणि तुम्ही जे काही उचलणार आहात ते सगळं त्याच्या वर आहे. तिथे मोठा टायरच लागतो. जंगलातल्या किंवा शेतातल्या वाटेवर ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या आणि त्यांच्यामधला माजलेला उंचवटा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा गोळा कुठे अडकतो ते वेगळं सांगायला नको.

कधीकधी खूण कुठेच सापडत नाही. मग गाडी उचलायची ती दिसायला हवी म्हणून. त्यात गैर काही नाही. मात्र ते स्वतःशी कबूल केलं तर खर्चही आवरता येतो आणि उंचीही, कारण इंच-दीड इंचाने गाडी जेवढी रुबाबदार दिसते, त्याहून फार जास्त ती चार इंचांनी दिसत नाही.

आता बॉडी लिफ्टचं काम कसं चालतं ते पाहू. जिप्सी, थार, जिम्नी, स्कॉर्पिओ, बोलेरो, गुरखा, फॉर्च्युनर, आणि पिकअपमध्ये इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स, या सगळ्या गाड्यांत खाली शिडीच्या आकाराची चासी असते आणि तिच्यावर रबरी माउंट घालून बॉडी बोल्टने आवळलेली असते. बॉडी लिफ्ट करणारा मिस्त्री हे बोल्ट काढतो, बॉडी जॅकने उचलतो, प्रत्येक माउंटपाशी नायलॉनचा, पॉलियुरेथेनचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा बसवतो आणि लांब बोल्ट घालून पुन्हा आवळतो. अमेरिकेत हौशी लोकांनी या कामासाठी आइस हॉकीच्या कडक रबरी चकत्यासुद्धा वापरल्या. आपल्याकडे लेथवर नायलॉनचा जाड रॉड कापून ठोकळे पाडतात. ज्या गाड्यांत वेगळी चासीच नसते, उदाहरणार्थ डस्टर किंवा क्रेटा, त्यांच्यासाठी हा विषय इथेच संपतो.

पाटावर पाट ठेवून बसलं तर माणसाचं डोकं वर जातं, जमीन आणि पाय तिथेच राहतात. बॉडी लिफ्टचा हिशेब अगदी तसाच आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, चासी, धुरे यांतलं काहीही हललेलं नसतं. गाडीच्या पोटाखाली आधी जेवढी जागा होती तेवढीच नंतरही असते. फक्त चाकाच्या कमानीत जागा वाढते आणि तिथे मोठा टायर मावतो. तो टायर घालणार नसाल तर बॉडी लिफ्टने गाडीला दाराखालच्या पट्टीची आणि बंपरच्या कडेची थोडी उंची यापलीकडे काही मिळत नाही. बंपर चासीला असेल तर तीही नाही.

असं असूनही मी बॉडी लिफ्टला नावं ठेवणार नाही. तिची एक बाजू फार भक्कम आहे. सस्पेन्शनच्या एकाही कोनाला हात लागत नाही, त्यामुळे गाडी रस्त्यावर कंपनीने जशी चालवायला दिली तशीच चालते. स्टेअरिंग भरकटत नाही, प्रॉपेलर शाफ्ट घुमत नाही, पुढच्या चाकांचे सीव्ही जॉइंट वाकड्या कोनात फिरत नाहीत. खर्चही कमी. आणि सगळं जड सामान खालीच राहिल्यामुळे गाडीचा तोल कमी बिघडतो, त्याचा आकड्यांत हिशेब पुढे देतो.

अडचणी येतात त्या बॉडी आणि चासी यांच्यामध्ये धावणाऱ्या प्रत्येक गोष्टीत. स्टेअरिंगचा कॉलम बॉडीला, स्टेअरिंग बॉक्स चासीला. मधला शाफ्ट ताणला जातो आणि त्याचे दाते एकमेकांत किती अडकलेले उरले ते मोजावं लागतं. गिअरचा आणि फोर बाय फोरचा दांडा गिअरबॉक्समधून येतो, पण त्याचं भोक बॉडीच्या फरशीत असतं. फरशी वर गेली की दांडा भोकाच्या कडेला टेकतो, गिअर पूर्ण बसत नाही आणि ऐन चढावर लो रेंज उडून न्यूट्रल येतो. हा दोष रस्त्यावर कळतच नाही. कळतो तो निसरड्या चढावर, जिथे तो सगळ्यात महाग पडतो. रेडिएटर बॉडीला आणि पंखा इंजिनाला असेल तर पंख्याभोवतीचं आवरण वर सरकतं आणि पाती त्याला घासू लागतात. डिझेल भरायच्या नळीला पीळ पडतो. हँडब्रेकची केबल, ब्रेकचे पाइप, इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी, या सगळ्यांना ढील हवी. अर्थिंगची पट्टी ताणून तुटली की गाडीत भुताटकी झाल्यासारखे दिवे लागतात-विझतात आणि मेकॅनिक आठवडाभर वायरिंग शोधत बसतो.

ठोकळ्यांबद्दल पहिला आग्रह धरा तो बोल्टच्या दर्जाचा. मूळ बोल्ट आखूड असतो आणि त्यावर मुख्यतः ताण येतो. मध्ये दोन इंचांचा ठोकळा आला की तोच बोल्ट आडव्या धक्क्याला वाकू पाहतो. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेला बोल्टच घ्या, आणि ठोकळा एकसंध असू द्या. चकत्यांवर चकत्या रचून उंची गाठलेली दिसली तर त्या गॅरेजातून गाडी बाहेर काढा. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला एक इंच पुरे, दोन इंच ही शेवटची मर्यादा. तीन इंचांचे संच मिळतात, पण ते घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या जुन्या जिप्सीवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे फरशीचा पत्रा माउंटच्या जागीच आधी गंजतो. वरून रंग चकचकीत असतो, खाली स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आत जातो. अशा पत्र्याखाली ठोकळा घातला तर तो पत्राच फाडून वर येतो. आधी वेल्डिंग, मग बाकीचं.

सस्पेन्शन लिफ्टकडे वळलं की सगळ्या गाड्यांना एक नियम लावता येत नाही. गाडीखाली कोणत्या प्रकारची जोडणी आहे त्यावर सगळं ठरतं, म्हणून एकेक घेऊ.

पाट्यांची गाडी म्हणजे जिप्सी किंवा महिंद्राची जुनी एमएम ५४०. १९८५ साली आलेल्या जिप्सीला चारही चाकांवर पाटे आणि पुढे-मागे सलग धुरे. इथे उंची वाढवायचे स्वस्त ते महाग असे तीन मार्ग आहेत. शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी कडी, लांब करणं सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. शॅकल दोन इंचांनी लांब केला तर धुऱ्यापाशी उंची एकच इंच वाढते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागच्या जागी असतं. त्यातून जिप्सीचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. तो लांबला की पुढचा धुरा किंचित फिरतो, कॅस्टरचा कोन कमी होतो आणि स्टेअरिंग वळण संपल्यावर आपण होऊन सरळ यायचं ते येत नाही. हायवेवर ऐंशीच्या वेगाला गाडी सतत सांभाळत राहावी लागते. दुसरा मार्ग एक पाटा वाढवण्याचा. उंची मिळते, पण गाडी दगडासारखी कडक होते, आणि कडक पाटा खडकाळ वाटेवर चाकाला खाली उतरू देत नाही. म्हणजे ज्यासाठी उंची घेतली, तिथेच चाक हवेत राहतं. तिसरा मार्ग जास्त कमान असलेल्या नव्या पाट्यांचा संच आणि त्याला साजेसे लांब शॉक अब्सॉर्बर. पैसे इथे घाला.

जिप्सीवाल्यांमध्ये चौथा प्रकारही चर्चेत असतो. पाटे मुळात धुऱ्याखाली आहेत, ते काढून धुऱ्याच्या वर बसवायचे. पाच इंचांच्या आसपास उंची एका झटक्यात मिळते. मात्र धुऱ्याला नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, स्टेअरिंगची जोडणी नव्याने करावी लागते, आणि ब्रेक दाबला किंवा जोर दिला की धुरा पाट्यांना पीळ घालतो. गोव्यात २०१४पासून भर पावसाळ्यात होणाऱ्या रेन फॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेच्या गाड्यांना असले प्रयोग शोभतात. रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या जिप्सीला ते करू नका.

२०१० ते २०२० या काळातल्या सीआरडीई थारला मागे पाटे आणि पुढे टॉर्शन बार आहे. हा बार म्हणजे पीळ घालून स्प्रिंगचं काम करणारी लोखंडी कांब. तिचा बोल्ट आवळला की गाडीचं नाक वर येतं, कुठलाही भाग विकत न घेता. ‘सर, अर्ध्या तासात दोन इंच करून देतो’ असं म्हणणारा मिस्त्री हाच बोल्ट फिरवणार असतो. पण चाकाचा एकूण प्रवास तेवढाच आहे. गाडी वर आली म्हणजे चाक आधीच खाली लटकलं. आता खड्डा आला तर चाकाला आणखी खाली जायला जागा नाही, आणि दर वेळी वरचा आर्म त्याच्या रबरी अडथळ्यावर आपटतो. थोडं नाक खाली बसलेलं असेल तर ते जागेवर आणण्यापुरता हा बोल्ट आहे, लिफ्ट म्हणून नाही.

२०२०च्या नव्या थारला पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग धुरा आणि कॉइल स्प्रिंग. पुढचं डिफरन्शियल चासीला जोडलेलं असल्याने सस्पेन्शन उचललं की ते उंच होतं, हा पुढच्या बाजूचा फायदा. तोटाही तिथेच आहे. डिफरन्शियल वर गेलं आणि चाक जागेवरच राहिलं, म्हणजे दोघांना जोडणारा सीव्ही शाफ्ट जास्त तिरका झाला. चाळीस-पन्नास मिलिमीटरपर्यंत तो निभावून नेतो. त्यापुढे रबरी बूट फाटतात, ग्रीस उडतं, वळणावर कटकट आवाज येऊ लागतो. शिवाय वरच्या आर्मचा बॉल जॉइंट त्याच्या टोकाच्या कोनाला पोचतो. म्हणून दोन इंचांच्या वर जाणाऱ्या चांगल्या संचात वरचे आर्म नवे देतात. संचात ते नसतील तर का नाहीत ते विचारा.

इथे स्वस्तातला मोह असतो स्पेसरचा. स्प्रिंग-शॉकच्या जोडीवर चकती ठेवली की गाडी वर. स्प्रिंग तीच, शॉक तोच, त्यामुळे रस्त्यावरची चाल फारशी बदलत नाही. पण चाक खाली किती लटकेल ती मर्यादा चकतीच्या जाडीमुळे पुढे सरकते, आणि तो भार शेवटी बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंटवर पडतो. वीस-पंचवीस मिलिमीटरचा स्पेसर चालून जातो. खरी लिफ्ट हवी असेल तर उंच स्प्रिंग आणि तिच्या लांबीला जुळणारा शॉक, दोन्ही एकत्रच घ्या. उंच स्प्रिंगला जुना आखूड शॉक लावला तर चाक लटकताना शॉकच पूर्ण ताणून ठक्क आवाज करतो, आणि महिन्याभरात गळायला लागतो.

जिम्नीला पुढे-मागे सलग धुरे, कॉइल स्प्रिंग आणि धुरा आडवा सरकू नये म्हणून एक आडवा रॉड आहे. गाडी उचलली की हा रॉड तिरका होतो आणि अख्खा धुरा एका बाजूला ओढतो. मागून पाहिलं तर एक चाक मडगार्डबाहेर जास्त डोकावतं. कमी-जास्त करता येणारा रॉड घेतला की हे सुटतं. पुढचा कॅस्टरही कमी होतो, त्याला वेगळे बुश मिळतात. ही दोन कामं न करता जिम्नी उचलून देणाऱ्या गॅरेजांचं प्रमाण चिंताजनक आहे.

कुठलीही गाडी असो, सस्पेन्शन लिफ्टनंतर ब्रेकची रबरी नळी स्वतः तपासा. गाडी चासीला जॅक लावून उचला, चाकं पूर्ण लटकू द्या, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा आणि नळी कुठे ताणते का ते डोळ्यांनी पाहा. एबीएसची वायरही त्याच वेळी बघून घ्या. मागचा प्रॉपेलर शाफ्ट जितका आखूड, तितका उंचीने त्याचा कोन जास्त बिघडतो. थार आणि जिप्सी दोघींचा शाफ्ट आखूडच आहे. ठरावीक वेगाला फरशीतून घुमणारा आवाज आला तर तो टायरचा आहे असं सांगून कोणी तुमची समजूत काढू नये.

पिकअपवाल्यांचं गणित थोडं वेगळं. व्ही-क्रॉसची चाकांमधली लांबी ३,०९५ मिलिमीटर, तर थारची २,४५०. लांब गाडीचं पोट उंचवट्यावर आधी टेकतं, म्हणून पिकअपला सस्पेन्शन लिफ्टची गरज खरी असते. नव्या थारचा उंचवटा ओलांडायचा कोन कंपनीने २७ अंश दिलाय. साध्या भूमितीने, पोट पन्नास मिलिमीटर वर गेलं तर तो एकतीसच्या थोडा पुढे जातो. पिकअपला तेवढ्याच उंचीने चार अंशांहून थोडं कमी मिळतं, पण तिच्याकडे मुळातच कमी असल्याने ते जास्त जाणवतं. बॉडी लिफ्ट मात्र पिकअपला मला पटत नाही. केबिन आणि हौदा वेगवेगळे बसवलेले असतात, दोन्हींखाली ठोकळे घालावे लागतात, आणि ते नेमके सारखे बसले नाहीत तर केबिन व हौद्यामधली फट वाकडी दिसते. शिवाय हौद्यातल्या वजनाचे आडवे धक्के त्याच लांब बोल्टांवर येतात. मागचे पाटे मालासाठी बनवलेले असल्याने रिकाम्या पिकअपचं ढुंगण आधीच वर असतं. बऱ्याचदा फक्त पुढची बाजू तीस-चाळीस मिलिमीटर वर घेतली की गाडी समतोल दिसते आणि कामही होतं.

स्प्रिंग निवडण्याआधी गाडीवर कायमचं वजन किती चढणार ते ठरवा. विंच, लोखंडी प्लेटा, छतावरचा तंबू, मागे पाण्याच्या टाक्या. हे सगळं आधी ठरवा, मग त्या वजनाला साजेशी स्प्रिंग. उलट क्रमाने गेलेल्या माणसाची दोन इंचांची लिफ्ट विंच बसल्यावर एक इंचावर येते आणि तो पुन्हा गॅरेजात दिसतो. पुढे लोखंडी बुलबार लावायचा विचार असेल तर तो सोडा. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्येच अशा बुलबारविरुद्ध परिपत्रक काढलंय.

टायरचं गणित दोन ओळींत मांडता येतं. टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मी उंची गोळ्याला मिळते. थारच्या १६ इंची चाकाचा मूळ टायर २४५/७५ आर १६, व्यास ७७४ मिलिमीटर. त्याजागी २६५/७५ आर १६ घातला तर व्यास ८०४, म्हणजे गोळा पंधरा मिलिमीटर वर. २८५/७५ घातला तर व्यास ८३४ आणि गोळा तीस मिलिमीटर वर. मात्र स्पीडोमीटर ऐंशी दाखवत असताना पहिल्या टायरवर गाडी खरोखर ८३ने धावेल आणि दुसऱ्यावर ८६ने. गिअरही तेवढेच लांब होतात, चढावर क्लच जास्त रडतो. थारचं पाचवं चाक मागच्या दाराला टांगलेलं आहे. जड टायर तिथे वर्षभर लटकला की दाराच्या बिजागऱ्या तक्रार करतात. त्यामुळे पंधरा मिलिमीटर वाढवणारा टायर हा बहुतेकांसाठी समंजस थांबा आहे, आणि तो पाहून मग मडगार्डात किती जागा हवी ते ठरवावं. लिफ्ट आधी करून मग टायर शोधणारे लोक उलट्या बाजूने चालतात.

तोलाचा हिशेब द्यायचा राहिला होता. गाडी आडवी होण्याचा धोका ढोबळपणे मोजायला चाकांमधलं आडवं अंतर घेतात आणि त्याला गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागतात. आकडा जितका मोठा, तितकी गाडी स्थिर. समजा अंतर १,५२० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर. आकडा येतो १.०९. आता पन्नास मिलिमीटरची सस्पेन्शन लिफ्ट केली. धुरे आणि चाकं सोडून सगळं वर गेलं, म्हणून गुरुत्वमध्य चाळीसेक मिलिमीटर चढला आणि आकडा उतरला १.०३वर. तेवढीच बॉडी लिफ्ट केली आणि बॉडीचं वजन गाडीच्या एक तृतीयांश धरलं, तर गुरुत्वमध्य सतराच मिलिमीटर चढतो आणि आकडा राहतो १.०६. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. खऱ्या गाडीत स्प्रिंग दबतात, टायर वाकतात, त्यामुळे परिस्थिती याहून थोडी वाईटच असते. ताम्हिणी किंवा वरंध घाटाच्या वळणावर, छतावर तंबू आणि आत पाच माणसं असताना, या शंभराव्या भागांना किंमत असते. छतावरचं सामान कमी करणं हा गुरुत्वमध्य खाली आणायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो कोणी करत नाही.

कुठे चालवणार यावरही बरंच अवलंबून आहे. कोकणातला जांभ्याचा लाल चिखल निसरडा असतो, पण खाली कडक थर लवकर लागतो. तिथे खोल नक्षीचा टायर आणि थोडी पोटाची उंची कामाला येते. देशावरची काळी माती वेगळ्याच स्वभावाची. ती टायरच्या नक्षीत भरून बसते, टायर गुळगुळीत होतो आणि मग गाडी चार इंच उंच असली काय नि नसली काय, जागच्या जागी फिरते. तिथे टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवणं कुठल्याही लिफ्टपेक्षा जास्त उपयोगी. डांबरीवर येताच ती पुन्हा भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर सोबत हवा. सह्याद्रीतल्या बेसॉल्टच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेवर मात्र उंची आणि चाकाचा प्रवास दोन्ही लागतात, आणि तिथे सस्पेन्शन लिफ्ट आपले पैसे वसूल करून देते. ओढा ओलांडण्याचं म्हणाल तर नव्या थारची पाण्यातली मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर सांगितली आहे. लिफ्टमुळे ती आपोआप वाढते असं धरून चालू नका. धुऱ्यांच्या आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळ्या कुठे उघडतात ते पाहा. त्या वर नेल्या नाहीत तर गार पाणी लागताच आत हवा आकसते आणि तेलात पाणी ओढलं जातं.

मग निवड काय करावी? नवी थार असेल आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा वाट सोडत असाल, तर पन्नास मिलिमीटरच्या आतला स्प्रिंग-शॉकचा पूर्ण संच आणि २६५चा टायर. बॉडी लिफ्ट विसरा. जुनी जिप्सी असेल, पत्रा शाबूत असेल आणि मोठा टायर घालायचा असेल, तर नव्या पाट्यांची दोन इंचांची लिफ्ट आणि त्यावर एक इंचाची बॉडी लिफ्ट ही जोडी मला सगळ्यात शहाणी वाटते. दोन्ही पद्धती आपापल्या सुरक्षित मर्यादेत राहतात, आणि एकट्या सस्पेन्शनने तीन इंच गाठताना शाफ्टचे जे हाल होतात ते टळतात. पिकअपला फक्त सस्पेन्शन, तेही बेताने. आणि गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल, वाट अजून तुम्हीच शिकत असाल, तर वर्षभर काहीच करू नका. खाली मजबूत प्लेट, चांगले टायर आणि इगतपुरीला महिंद्राच्या ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी घेतलेला एखादा दिवस एवढ्यावर मूळ उंचीची गाडी कुठवर जाते, ते आधी पाहून घ्या. त्यानंतर गाडीखालच्या खुणा तुम्हाला सांगतील.

घरच्या माणसांनाही विचारात घ्या. तीन इंच वर गेलेल्या गाडीत नऊवारी किंवा सहावारी नेसलेल्या आईला चढवायचं म्हणजे पायरी हवी, आणि ती पायरी पुन्हा पोटाखालची उंची खाते. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतल्या यांत्रिक पार्किंगची उंची टेप लावून मोजा. कॅरिअर लावलेली आणि उचललेली गाडी तिथे मावली नाही तर ती आयुष्यभर रस्त्यावर उभी राहील.

कायद्याची बाजू अप्रिय आहे, पण टाळता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीत कंपनीने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा धोका विम्याचा. अपघातानंतर सर्वेअर गाडीखाली वाकला आणि त्याला ठोकळे दिसले, तर दावा लांबतो किंवा नाकारला जातो. काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा. फक्त स्पर्धेसाठी आणि खासगी जागेत चालणारी गाडी असेल तर ती तिथवर ट्रेलरवरून न्या.

काम ठरलंच, तर गॅरेज निवडताना किमतीच्या आधी हे विचारा: अलाइनमेंट कोण करणार आणि आधी-नंतरच्या कोनांचा छापील कागद मिळणार का? बोल्ट टॉर्क रेंचने आवळणार की हाताच्या अंदाजाने? बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळणार ना? चाकं लटकत असताना ते आवळले तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. जुने भाग परत द्या असं आधीच सांगून ठेवा. गाडी विकताना किंवा आरटीओने आक्षेप घेतला तर तेच परत लावावे लागतात.

गाडी ताब्यात घेताना संध्याकाळची वेळ मागा, म्हणजे हेडलाइट भिंतीवर पाडून पाहता येतील. सस्पेन्शन लिफ्टनंतर, विशेषतः फक्त पुढची बाजू उचलली असेल तर, प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तो तिथल्या तिथे खाली करून घ्या. मग पहिले पाचशे किलोमीटर साध्या रस्त्यावर चालवा, गाडी परत गॅरेजात न्या आणि यू-बोल्टपासून बॉडी माउंटपर्यंत प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळून घ्या. पाटे आणि ठोकळे या काळात थोडे बसतात, त्यामुळे एखाद-दुसरा बोल्ट तरी अर्धा-पाऊण फेरा फिरतोच.